पाठीला न लागलेली माती

मी हायस्कुलात इतिहास शिकवते, आणि शिकवून शिकवून मला एक खोड जडली आहे. कुणी काही ठासून सांगायला लागलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, 'हे तुम्ही स्वतः बघितलं का?' नवरा म्हणतो, हिच्यासमोर बाहेर पाऊस पडतोय म्हणायचीसुद्धा चोरी, लगेच विचारेल भिजून आलात का. वर्गात ही खोड खपून जाते. सासरी मात्र तिच्यापायी मी सुरुवातीला बरीच बोलणी खाल्ली. माझं सासर वडवणीच्या पुढचं एक लहानसं गाव, आणि त्या घरात दोन्ही वेळेला भाकरीसोबत थोरल्या पैलवानाच्या गोष्टी वाढल्या जायच्या.

थोरले पैलवान म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील. मी लग्न होऊन आले तोवर त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा फोटो कुणी काढलेला नव्हता. पडवीच्या कोपऱ्यात व्यायामाची एक जड लाकडी करेल तेवढी उभी होती आणि तिच्यावर सासूबाई छत्री अडकवायच्या. पण गोष्टी विचारूच नका. पैलवान एका बैठकीला अख्खा बोकड खायचे. उधळलेला बैल त्यांनी शिंगं धरून लोळवला होता. ओढ्याकाठच्या दगडावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. आणि हैदराबादला जाऊन त्यांनी निजामाच्या पैलवानाला अस्मान दाखवलं होतं.

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. बोकडाचं खरं-खोटं सासऱ्यांच्या आत्यानं केलं. ती म्हणाली, त्याला कुठलं मटण, जरा तिखट खाल्लं तरी रात्रभर येरझाऱ्या घालायचा, सगळी ताकद ताक-भाकरीवर. बैल म्हणजे निघालं वासरू, आणि तेही हौदापाशी चिखलात आपोआप घसरलेलं. अंगठ्याच्या ठशात तर चांगला तांब्या मावत होता. त्यात पूर्वी बाया हळद कुटत असत. आणि निजामाच्या पैलवानाचं काय सांगावं, माझ्या दर वर्गात दोन-तीन पोरं तरी अशी निघतात ज्यांच्या पणजोबांनी त्याला अस्मान दाखवलेलं असतं. सगळ्यांचं खरं मानलं तर तो बिचारा जन्मभर पाठीवरच पडून असला पाहिजे.

माझ्या या उद्योगाचा सगळ्यांना राग यायचा, फक्त मामांना यायचा नाही. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामा म्हणते. मी सुट्टीला गावी गेले की ते ओट्यावरूनच हाळी द्यायचे, "फौजदार आल्या, बोकड लपवा रे." एखादी गोष्ट मी खोटी पाडली की ते मांडीवर थाप मारून हसत. स्वतःच्या बापाच्या कीर्तीची अशी चिरफाड होताना माणूस इतका खूश कसा राहतो, याचं मला कोडं पडायचं.

एका गोष्टीला मात्र मी हात लावू शकले नाही. ती माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, म्हणजे खुद्द पैलवानांच्या बायको. दिवाळीत अंगणात उन्हाला बसून माझ्या लेकीला, म्हणजे त्यांच्या पणतीला, मांडीवर घ्यायच्या आणि दर वर्षी त्याच शब्दांत सांगायच्या.

"कुस्तीच्या फडावरनं घरी यायचे तवा छाती मातीनं भरलेली. कानात माती, केसात माती. पर पाठ कशी लख्ख. उभ्या जल्मात त्यांच्या पाठीला माती लागलेली मी बघितली न्हाई."

कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरला, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. पाठीला माती नाही म्हणजे पैलवान कधी हरलेच नाहीत. आणि ही ऐकीव गोष्ट नव्हती. आंघोळीचं पाणी त्याच काढून द्यायच्या, पाठ त्याच चोळायच्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हणून विचारायची छाती झाली नाही. प्रत्यक्ष बघणारीची साक्ष मिळाल्यावर माझ्यासारखी बाई गप्पच बसणार. पुढे तर मी वर्गातही हे उदाहरण द्यायला लागले. ऐकीव गोष्ट कशी असते, तर बोकडाची. पुरावा कसा असतो, तर पाठीचा.

आजेसासूबाई गेल्या, पण त्यांची गोष्ट माझ्या लेकीच्या अंगात पार मुरली. आम्ही बीडला राहतो, तरी दर सुट्टीत ती गावी पळायची. मामांनी तिच्यासाठी जुन्या गोठ्याच्या जागी लाल माती टाकून घेतली, तीत ताक, हळद आणि तेल घालून स्वतः फावड्यानं कालवली आणि नातीला जोर-बैठकांना लावलं. गावातले काही जण कुजबुजले. मामांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं की पोरगा नसला तरी पैलवान हाय. पोरगी बीडला मॅटवर आणि गावी मातीत खेळायला लागली, नारळाच्या बक्षिसावरच्या लहान कुस्त्या जिंकायला लागली, आणि लोक म्हणू लागले, शेवटी रक्त कुणाचं.

मग मागच्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या निवडीत ती हरली. तशी फार मोठी गोष्ट नव्हती. समोरची मुलगी दणकट होती, तिनं हिला खालून उचललं आणि चितपट केलं. हरलं की पोरं रडतात, दोन दिवस जेवत नाहीत, तिसऱ्या दिवशी वडापाव मागतात. पण त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणा शहाण्यानं लिहिलं, 'थोरल्या पैलवानाच्या घराण्यात पहिल्यांदाच पाठीला माती लागली.' खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. लेकीनं ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि कुस्तीचे बूट नेऊन माळ्यावर टाकले.

त्यानंतर ती तालमीत गेली नाही. तिचे वस्ताद घरी येऊन गेले, तरी नाही. मी समजावलं, रागावले, एकदा तर भांडले. ती एवढंच म्हणायची की जिथं कुणीच कधी हरलं नाही त्या घराला मी बट्टा लावला. दिवाळीला ती गावी आली नाही. मामांचा फोन आला की ती गच्चीवर जायची. मामा मला विचारायचे, पोरगी जेवती का, झोपती का, आणि फोन ठेवून द्यायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही जीव तुटायचा. पोरीनं कुस्ती सोडली असती तरी मी सोसलं असतं. पण आजोबा आणि नात एकमेकांना दुरावले तर ते पुन्हा जोडणार कोण, या विचारानं मला काही सुचत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वस्तादांनी निरोप दिला की आष्टीकडच्या एका गावच्या जत्रेत मुलींच्या चांगल्या कुस्त्या आहेत, खेळू नको म्हणावं, नुसतं बघायला तरी घेऊन या. त्या गावची एक बाई माझ्या शाळेत आहे. तिच्याकडे जेवायला जायचंय, असं सांगून मी लेकीला एस.टी.त बसवलं. पोचल्यावर हलगी ऐकू आली, तेव्हा तिला सगळं कळलं. ती फुरंगटली, पण परतीची गाडी संध्याकाळची होती. आम्ही दोघी फडाच्या कडेला बायकांत जाऊन बसलो.

खरं सांगते, मातीतली कुस्ती मी तोवर नीट बघितलीच नव्हती. आमच्या गावी पोरी खेळायला लागल्या तरी बाकीच्या बायकांनी फडाकडे फिरकायची पद्धत नव्हती, आणि लेकीच्या मॅटवरच्या कुस्त्या मी निम्म्याअधिक डोळे झाकून बघितलेल्या. इथं दोन मुली आखाड्यात उतरल्या. मूठभर माती कपाळाला लावली, एकमेकींच्या अंगावर टाकली आणि भिडल्या. बराच वेळ घुसळण चालली. मग एकीनं दुसरीला फिरवून पाठीवर टाकलं आणि बायका ओरडल्या.

जिंकलेली मुलगी आता हात वर करून नाचणार, अशी माझी समजूत. तिनं तसलं काही केलं नाही. पडलेलीला हात देऊन उठवलं, पाठमोरी उभी केली, कमरेचा गमछा सोडला आणि तिच्या पाठीवरची माती पुसायला लागली. खांद्यापासून कमरेपर्यंत निगुतीनं पुसली. तोवर हलगी थांबलेली, पंच थांबलेले. पाठ स्वच्छ झाली तशी तिनं तिच्यावर हलकीशी थाप मारली आणि मग कुठं आपला हात पंचांच्या हातात दिला.

शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. हे काय, असं मी तिला विचारलं. तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं.

"हरणाऱ्यानं मातीची पाठ घिऊन फडाबाहीर जायचं नसतं बाई. ज्यानं पाडलं त्यानंच पुसायची. आता कुठं ऱ्हायलंय हे, आमच्याच गावात हाय. पूर्वी समद्या मुलखात व्हतं."

मी विचारलं, जिंकणाऱ्याच्या पाठीवरची माती कोण पुसतं?

"त्याची कोण पुसंल? तो जातो की तसाच मिरवत."

पुढची जोड लागली होती, पण माझं लक्ष उडालं. छाती मातीनं भरलेली. कानात माती, केसात माती. पर पाठ कशी लख्ख. मी लेकीकडे बघितलं. ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे एवढे मोठे झालेले मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

"आई," ती म्हणाली, "पणजी काय सांगायच्या गं?"

मला हसू फुटलं. भर फडात, बायकांच्या गर्दीत, मी पदर तोंडात कोंबून हसत होते. इतकी वर्षं मी पोरांना पुरावा म्हणून जे शिकवलं, तो पुरावाच होता, फक्त उलट्या गोष्टीचा. आजेसासूबाईंची साक्ष अक्षरन् अक्षर खरी होती. त्यांना फडावर जायची बंदी होती, म्हणून घराच्या उंबऱ्यातून जे दिसलं त्याचा त्यांनी आपल्यापरीनं अर्थ लावला. आणि मी, कुठल्याही फडावर न गेलेली फौजदार, त्यावर शिक्का मारून मोकळी झाले. लेकही हसायला लागली. मग ती स्वतःहून म्हणाली की उद्या रविवार आहे, गावी जाऊ या.

मामा ओट्यावर बसले होते. नातीला फाटकातून येताना बघून त्यांनी सरकून शेजारी जागा केली. बोकड लपवा, असं काही त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही. लेक जाऊन त्यांच्या शेजारी टेकली. इकडचं तिकडचं न बोलता तिनं सरळ विचारलं, "आबा, थोरल्या पैलवानांची पाठ कोण पुसायचं?"

मामांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुम्हांला कुठं कळलं, असं त्यांनी विचारलं. आष्टीकडं, असं मी म्हटलं. ते खाली मान घालून हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मग सगळं बाहेर आलं.

लहानपणी ते बापाची कापडं सांभाळायला दर फडावर जात. थोरले पैलवान काही फार मोठे मल्ल नव्हते. पण त्यांची एक ख्याती होती. एखाद्या तगड्या पैलवानाला जोड मिळेना, सगळा फड खाली माना घालून बसला, की हे धोतर खोचून उभे राहायचे. कुठल्या जत्रेत कोण नामी पैलवान येणार आणि त्याच्यासमोर कुणी उभं राहणार नाही असं दिसलं, की तिथले पंच यांना आधीच बोलावणं धाडायचे. समोरचा दुप्पट अंगाचा असला तरी हे उतरायचे, दम निघेपर्यंत झुंजायचे आणि पडायचे. पडले तरी लोक फेटे उडवायचे. कधीमधी जिंकायचेही. मग गावची पोरं त्यांना खांद्यावर घेऊन थेट ओढ्यावर नेत, आंघोळ घालत आणि तशीच मिरवत घरी आणत. म्हणजे हरले तर पाठ पुसलेली आणि जिंकले तर सगळं अंगच धुतलेलं. आजेसासूबाईंना पाठीची माती दिसणार कशी?

"पैल्यांदा आईनं बघितलं," मामा म्हणाले, "तवा लई खूश झाली. पाठीला माती न्हाई म्हणली, आन् पुरणाचा घाट घातला. बाप आन् मी एकमेकाकडं बघितलं. तिला सांगायचं कोणी? मग दर बारीला तसंच. हरून आलो की पुरणपोळी."

आणि पुरणपोळी मलाबी मिळायची, असं त्यांनी खालच्या आवाजात जोडलं.

लेक खो खो हसत होती, पण माझं डोकं तडकलं. मी मामांना कधी उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, पोरीनं बूट माळ्यावर टाकले, घरादाराला बट्टा लावला म्हणून रात्री रडून काढल्या, तुमच्याशी बोलायची बंद झाली, आणि तुम्ही हे पोटात ठेवून बसलात?

 मामांचा हात नातीच्या डोक्यावर होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

"सांगणार व्हतो. निवडीला गेलतो ना मी, परतीच्या गाडीतच सांगणार व्हतो. पर मनात आलं, आता सांगितलं तर पोरीला वाटंल, म्हातारा मन राखाया रचून सांगतोय. खरं लई दिस झाकलं की तेच खोटं वाटाया लागतं."

 मी आयुष्यभर खोट्याच्या मागे लागले. खऱ्यालाही कुणी साक्षीदार लागतो, आणि तो वेळेवर मिळाला नाही तर ते घशातच अडकून बसतं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. माझा राग ओसरला. मी आत जाऊन चहा टाकला आणि तिथं उभी राहून थोडी रडले.

आमच्या गावची जत्रा पुढच्याच महिन्यात होती. लेकीनं बूट खाली काढले, पण मातीत खेळायचं तर अनवाणीच खेळायचं असतं, म्हणून ते पुन्हा माळ्यावर गेले. यावेळी फडावर बायका आल्या होत्या. मी चार घरी जाऊन त्यांना गोळा केलं होतं. मुलींच्या कुस्त्या रंगल्या, आणि शेवटी परजिल्ह्यातली एक नाव असलेली मुलगी शड्डू ठोकून आखाड्यात एकटी उभी राहिली. निवेदक लाउडस्पीकरवरून ओरडत होता, हिला जोड आहे का, आहे का कुणी. हलगीवाला वाजवून वाजवून दमला. जिला जोड म्हणून ठरवलं होतं ती मुलगी बापाच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी लेकीचा हात धरायला गेले, तर ती जागेवर नव्हती. आखाड्याच्या कडेला उभी राहून ती कपाळाला माती लावत होती.

ती हरली. चांगली घाम निघेपर्यंत झुंजली, दोनदा तर निसटून वर आली, आणि मग तिची पाठ टेकली. जिंकलेल्या मुलीनं दोन्ही हात वर केले. तिला आमच्या मुलखाची जुनी रीत कुठून माहीत असणार? लेक उठून उभी राहिली आणि तशीच थांबली.  ग्रुपवर लिहिणारा शहाणाही तिथंच कुठंतरी बसलेला असणार.

तेवढ्यात मामा आखाड्यात उतरले. काठी त्यांनी पंचांच्या हातात दिली, डोक्याचा पटका सोडला, नातीला पाठमोरी केलं आणि सगळ्या गावासमोर तिची पाठ पुसायला लागले. खांद्यापासून कमरेपर्यंत निगुतीनं पुसत होते, म्हणून वेळ लागला. म्हातारी माणसं एकेक करून उभी राहिली. त्यांना आठवत होतं. ती परगावची मुलगी चटकन पुढे झाली, तिनं मामांच्या हातातून पटक्याचं टोक घेतलं आणि राहिलेली पाठ तिनं पुसली.

मी त्यांच्या आधी घरी येऊन दारात थांबले. मामांचा हात धरून लेक फाटकातून आत आली. छाती मातीनं भरलेली, कानात माती, केसात माती. मी तिला खांद्याला धरून फिरवलं आणि नीट बघून घेतलं. मग आत गेले आणि पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजत टाकली. आता मला कुणी विचारू दे, हे तुम्ही स्वतः बघितलं का? मी शपथेवर सांगेन, आमच्या घरात कुणाच्या पाठीला माती लागलेली मी बघितली नाही.